दोनसर

जिथं एक मोठा सर्व्हर आणि त्याच्याभोवती दहा मागणारे असतात, तिथं एक ‘नाही’ म्हणणारा माणूस असतोच. कॉलेजात असतो, दवाखान्यात असतो, पतसंस्थेत असतो, साखर कारखान्याच्या ऑफिसातही असतो. पगारपत्रकात त्याचा हुद्दा काहीही असो, काम एकच. एका मशीनच्या पोटात दहा-वीस मशीनं उभी करायची आणि त्यातल्या कुणाला प्रोसेसरचे किती कोअर, म्हणजे प्रत्यक्ष राबणारे किती हात, द्यायचे ते ठरवायचं. या पोटातल्या मशीनांना व्हर्च्युअल म्हणतात. वापरणाऱ्याला वाटतं, आपल्याकडं अख्खा कॉम्प्युटर आहे. असतो तो एका लोखंडी पेटीतला वाटा. वाटे घालणारा माणूस फार मऊ असून चालत नाही आणि फार कडक असला तर स्टाफरूममध्ये त्याच्यासोबत कुणी चहा पीत नाही.

आमच्या नांदेडातल्या कॉलेजात हे काम दोनसर करतात. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागतं. एरवी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना दोनसरच म्हणतात, कारण तुम्ही सोळा कोअर मागा, आठ मागा, चार मागा, त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

“दोनात भागतंय की, सर.”

हे ते भांडून म्हणत नाहीत. मान किंचित तिरकी करून, डॉक्टरनं ‘काही नाही, साधा ताप आहे’ म्हणावं तितक्या मायेनं म्हणतात. त्यामुळं समोरच्याला धड रागावताही येत नाही. तुम्ही म्हणता, अहो, पण सॉफ्टवेअर जड आहे. ते म्हणतात, “हौ, असंल की. आधी दोनात चालवून बघा. नाही भागलं तर मी आहेच ना.” ते असतातच, हे खरं. पण नाही भागलं हे त्यांच्यापुढं सिद्ध करणं म्हणजे तहसीलमधून वारसाची नोंद करून आणण्याइतकं सोपं काम आहे.

मे महिन्यात नांदेडचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. वजिराबादेत दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्या दिवसांत अंगात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालून फिरणारा इसम दिसला तर तो दोनसर समजावा. सर्व्हररूममधला एसी पेटीसाठी असतो, माणसासाठी नसतो, असं त्यांचं मत आहे. बाहेर लोक उसाचा रस पीत असतात तेव्हा हे आत गरम चहा फुंकून पितात. जेवणाचा डबा मात्र बाहेर व्हरांड्यात बसून खातात, कारण फोडणीच्या वासानं मशीन बिघडत नसलं तरी शिस्त बिघडते.

त्यांचं खरं शस्त्र म्हणजे लाल पुठ्ठ्याची लांबट वही, किराणा दुकानात उधारीला असते तसली. सगळं कॉम्प्युटरवर दिसत असताना वही कामून, असं एका नव्या प्राध्यापकानं विचारलं होतं. दोनसर म्हणाले, “कॉम्प्युटर बंद पडल्यावर कॉम्प्युटरचा हिशोब कुठं बघायचा?” वहीत चार रकाने आहेत: मागितले, दिले, वापरले, शेरा. पहिल्या रकान्यातले आकडे मोठे, दुसऱ्यातले लहान आणि तिसऱ्यातले इतके बारीक की मागणाऱ्याला घाम फुटावा. तुम्ही तक्रार घेऊन गेलात की दोनसर काही बोलत नाहीत. वही उघडतात आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवतात.

“सर, मागच्या महिन्यात तुमचं मशीन सगळ्यात जास्त राबलं ते मंगळवारी दुपारी. आणि तवाबी ते अँटिव्हायरस होतं.”

शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा असतो. ‘प्रोजेक्टसाठी घेतले, प्रोजेक्ट झालाच नाही.’ ‘मागणाराची बदली झाली, मशीन चालूच.’ ‘साहेबांच्या भाच्यासाठी.’ एका नोंदीपुढं नुसतंच ‘हौस’ लिहिलेलं आहे.

मशीनांना नावं नद्यांची. मोठा सर्व्हर म्हणजे गोदावरी. तिच्या पोटात आसना, मन्याड, मांजरा, तेरणा, पैनगंगा. आसना म्हणजे ग्रंथालय, मन्याड म्हणजे हिशेब विभाग. त्यामुळं सकाळी व्हरांड्यात ‘मन्याड रात्री अडकली होती, पहाटे सोडली’ असं ऐकू येतं आणि नवीन आलेला पाहुणा घाबरून पुराची चौकशी करतो. गोदावरीत दोन प्रोसेसर, प्रत्येकी सोळा कोअर. हायपरथ्रेडिंग चालू असल्यानं पडद्यावर चौसष्ट दिसतात, पण दोनसर बत्तीसच मोजतात. एकाच कोअरला दोन कामं एकदम दिली म्हणून कोअर दोन होत नाहीत, यावर ते ठाम आहेत. त्या बत्तीसमधलेही दोन ते कुणाला देत नाहीत. सगळ्या मशीनांचा गाडा हाकणारं जे मूळ सॉफ्टवेअर असतं, त्याच्यासाठी ते राखून ठेवलेले असतात. वहीत त्यांच्यापुढं लिहिलंय: ‘देवाचे’.

आता कुणालाही वाटेल की हा निव्वळ कद्रूपणा आहे. जास्त कोअर दिले तर मशीन जास्त पळेल, यात न समजण्यासारखं काय आहे? इथंच दोनसरांचा चेहरा खुलतो. खुर्ची ओढून देतात, आणि नांदेड-लातूर एसटीची गोष्ट सुरू होते.

“समजा, तुम्ही दोघं नवरा-बायको स्टँडवर उभे आहात. गाडी आली, दोन जागा रिकाम्या, चढलात, गेलात. शेजारी आठ जणांचं कुटुंब उभं आहे. त्यांचं म्हणणं, आम्ही बसलो तर सगळे एकाच गाडीत. पहिली गाडी आली, तीन जागा. सोडली. दुसरी आली, पाच जागा. सोडली. तुम्ही लोह्याच्या पुढं गेलात तरी ते अजून स्टँडवरच. आता सांगा, कोण आधी लातूरला पोचलं?”

गोष्ट बरोबर आहे. जुन्या काळी व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी असंच होतं. मशीनला चालायचं तर त्याला जितके कोअर दिलेत तितके सगळे खाली एकदम मोकळे सापडावे लागत. पुढं तो नियम सैल झाला. आता घरातले निम्मे लोक आधीच्या गाडीनं जाऊ शकतात. पण पुढं गेलेल्यांनी मागच्यांसाठी थांबायचं असतंच. मशीन कामाला तयार आहे पण कोअर मोकळा नाही, असा जो वेळ जातो तोही मोजता येतो. त्याला रेडी टाइम म्हणतात. दोनसर त्याला ‘स्टँडवरचा टाइम’ म्हणतात. गोष्ट संपली की ते विचारतात, “मग तुम्हाला आठ पाहिजेत का दोन?” माणूस गडबडून दोन म्हणतो आणि बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण चारसाठी तरी आलो होतो.

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कागदांवर त्यांचा विश्वास नाही. त्या कागदावर दोन आकडे असतात, मिनिमम आणि रेकमेंडेड. दोनसरांच्या मते मिनिमम म्हणजे एवढं दिलं तर सॉफ्टवेअर चालतं. रेकमेंडेड म्हणजे एवढं दिलं तर कंपनीला फोन जात नाही. पुण्याहून आलेला विक्रेता ‘सोळा तरी लागतीलच’ म्हणाला, की ते त्याला पाणी देतात, चहा देतात आणि विचारतात, “तुमच्या ऑफिसात किती दिलेत?” बहुतेक वेळा विक्रेत्याला ते माहीत नसतं. दोनसर त्यालाही दोन देतात.

दोनच का, याचेही पुरावे त्यांच्याकडं तयार असतात. विंडोज ११ला किमान दोन कोअर लागतात, हे मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय. कुबरनेटिस नावाचं मोठमोठ्या कंपन्या वापरतात ते प्रकरण उभं करायला घेतलं की ते आधी तपासतं आणि एकच कोअर दिसला तर अडून बसतं. दोन दिसले की चालू लागतं. “म्हणजे अमेरिकेत बी दोनातच भागतंय,” असं म्हणून दोनसर चष्मा पुसतात. ही किमान अट आहे, कमाल नव्हे, हे त्यांना सांगून उपयोग नाही. किमान भागल्यावर कमाल हवीच कशाला, हा त्यांचा प्रश्न असतो.

कॉलेजातली सगळ्यात गाजलेली लढाई झाली ती मोंगोडीबीवरून. नवीन लागलेल्या एका तरुण सरांना डेटाबेसच्या प्रॅक्टिकलसाठी ते चालवायचं होतं. दोन कोअरवर ते सुरूच होईना. सुरू करायला जावं, की एक ओळ दाखवून कोसळायचं. सरांनी निष्कर्ष काढला की ताकद कमी पडतेय. दोनसर म्हणाले, ताकदीचा विषय दिसत नाही, बघू. तरुण रक्ताला ‘बघू’ सहन होत नाही. ते थेट प्राचार्यांकडं गेले आणि सोळा कोअर देण्याचा लेखी आदेश घेऊन आले. दोनसरांनी आदेश वाचला, दोन्ही हातांनी फाइलला लावला आणि मुकाट्यानं सोळा दिले. मोंगोडीबी पुन्हा कोसळलं. तेव्हा मात्र स्टाफरूममध्ये शांतता पसरली.

भानगड अशी होती की मोंगोडीबीच्या ५.० पासूनच्या आवृत्त्यांना प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स नावाच्या सूचनांचा संच लागतो. खालच्या खऱ्या प्रोसेसरमध्ये तो होता. पण व्हर्च्युअल मशीन बनवताना प्रोसेसरचा प्रकारही निवडावा लागतो, आणि नेहमी जो साधा प्रकार निवडला जातो त्यात एव्हीएक्स झाकलेलं राहतं. हा साधा प्रकार मुद्दाम ठेवतात, म्हणजे उद्या मशीन एखाद्या जुन्या सर्व्हरवर हलवायचं झालं तर अडत नाही. दोनसरांनी मशीन बंद केलं, प्रकाराच्या जागी ‘होस्ट’ निवडलं, म्हणजे खाली जो प्रोसेसर आहे तोच जसाच्या तसा वर दिसू दे. आणि हात तिथंच आहे म्हणून चौदा कोअर परत काढून घेतले. दोनावर मोंगोडीबी असं सुरू झालं की जणू कधी रुसलंच नव्हतं. शेऱ्यात लाल शाईनं नोंद झाली: ‘संख्येचा विषय नव्हता. हे मशीन आता गोदावरी सोडून जाणार नाही.’ तरुण सर तेव्हापासून त्यांचे भक्त झाले आहेत, आणि भक्त झाल्यापासून त्यांनाही दोनच मिळतात.

असाच घोळ एकदा दोनसर रजेवर असताना त्यांच्या मदतनीसानं घातला. त्यानं उदार मनानं एका विंडोज १० प्रोच्या मशीनला आठ कोअर दिले, पण मांडणी केली आठ सॉकेट, म्हणजे प्रोसेसरच्या आठ बैठका, आणि प्रत्येकात एक कोअर अशी. विंडोज १० प्रो दोनपेक्षा जास्त सॉकेट ओळखत नाही. कागदावर आठ, पडद्यावर दोन. हिशेब विभागात कल्लोळ झाला. सहा कोअर गेले कुठं, चौकशी समिती नेमा इथपर्यंत बोलणी गेली. दोनसर रजा संपवून आले, सगळं शांतपणे ऐकलं, आणि एका सॉकेटमध्ये चार कोअर अशी मांडणी करून दिली. दुरुस्तीत चार कापले गेले हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोनाचे चार झाल्याच्या आनंदात सगळे होते.

त्यांच्या जगाचा इतिहासही निराळा आहे. आमच्याकडं बहात्तर साल म्हटलं की दुष्काळ, खडी फोडायची कामं आणि सुकडी आठवते. दोनसरांना आयबीएमचं व्हीएम/३७० आठवतं, कारण एका मोठ्या मशीनची अनेक मशीनं करणारी ती व्यवस्था कंपनीनं १९७२च्या ऑगस्टमध्ये जाहीर केली. २००५ साली इंटेलनं आपल्या प्रोसेसरमध्येच या कामाची सोय करून दिली, आणि पुढच्याच वर्षी एएमडीनं. २०१६च्या विंडोज सर्व्हरपासून मायक्रोसॉफ्ट परवान्याचे पैसे कोअर मोजून घेऊ लागलं, तेव्हा सगळं जग वैतागलं होतं. दोनसर मात्र खूश. शेवटी कुणीतरी कोअरची किंमत केली! २०२३च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतलं आणि पुढच्या फेब्रुवारीत फुकट मिळणारी आवृत्ती बंद केली, तेव्हा त्यांनी एक दिवस दुःख पाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या नद्या एकेक करून प्रॉक्समॉक्सवर वळवल्या. हे सॉफ्टवेअर व्हिएन्नाचं. “चांगली माणसं आहेत. मागितल्याशिवाय काही घेत नाहीत,” हे त्यांचं ऑस्ट्रियाविषयीचं मत.

त्यांच्या या मोजून देण्याला आमच्यातले काही जण करुण कारण जोडतात. दोनसर मूळचे लातूरचे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा त्यांचं घर तिथंच होतं. ज्यानं घागरी मोजल्या तो कोअर मोजणारच, असं आमचे मराठीचे सर एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. दोनसरांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाण्याचा काही संबंध नाही हो. मी आधीपासूनच असा आहे.”

पण माणूस कोरडा म्हणावा तर तसंही नाही. लातूरच्या एका क्लासमध्ये त्यांचा मित्र आहे. नीटचा पेपर बरीच वर्षं कागदावरच राहिला, पण सीईटी २०१९पासून कॉम्प्युटरवर गेली, त्यामुळं क्लासवाल्यांना सरावाच्या परीक्षाही कॉम्प्युटरवर घ्याव्या लागतात. सकाळी दहाच्या ठोक्याला सगळी पोरं एकदम लॉगिन करतात. मित्राचा फोन यायच्या आधी दोनसर आदल्या रात्रीच घरी बसून क्लासच्या परीक्षेच्या मशीनचे कोअर दोनाचे आठ करतात, परीक्षा संपेपर्यंत जागेवरून हलत नाहीत, आणि शेवटचं पोरगं बाहेर पडलं की आठाचे दोन. आमच्या कॉलेजातही निकालाच्या दिवशी हेच होतं. कुणी मागितलेलं नसतं, कुणाला कळतही नाही. विचारलं तर म्हणतात, “सरासरीवर कोअर द्यावेत, पण गर्दीचा तास सरासरी बघत नाही.” मागणाऱ्याला जे मिळत नाही ते न मागणाऱ्याला असं रात्रीतून मिळून जातं.

पोरांच्या बाबतीत तर ते फारच हळवे. किनवटकडचा, देगलूरकडचा एखादा मुलगा जुना लॅपटॉप घेऊन येतो. व्हर्च्युअल मशीन चालत नाही, बायोसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेलची तीच सोय) बंद असल्याचा इंग्रजी संदेश येतो, आणि दुकानदारानं सांगितलेलं असतं की नवीन लॅपटॉप घ्यावा लागंल. दोनसर लॅपटॉप बंद करून चालू करतात, एफ-टू, एफ-टेन, डिलीट अशी बटणं क्रमानं दाबून बघतात, बायोस उघडलं की एका ओळीपुढचं ‘डिसेबल्ड’ बदलून ‘एनेबल्ड’ करतात आणि जतन करून बाहेर येतात. “आतमध्ये होतंच की रे सगळं, कुणी चालू केलं नव्हतं.” ते मुलाला सांगतात की लॅपटॉपला, हे नक्की कळत नाही. फी विचारली तर म्हणतात, दोन वेळा प्रॅक्टिकल नीट कर.

घरी गेलात तर हा माणूस तोच आहे का, अशी शंका येते. तरोडा नाक्याकडच्या त्यांच्या घरी सकाळी गेलं की मुरमुऱ्यांची सुशीला समोर येते, ती डोंगराएवढी. दुपारी थांबलात तर येसराची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. तुम्ही दोन भाकरीनंतर हात आडवा धरता. दोनसर तो हात बाजूला करून तिसरी वाढतात, मग चौथी. “अहो, दोनात काय भागतंय?” असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्या घरातली माणसं एकमेकांकडं बघून हसतात. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीचा अंदाज कागदावर काढला, त्याच्या दुप्पट स्वयंपाक करायला सांगितला आणि उरलेलं रात्री स्वतः रिक्षातून वाटत फिरले. वहिनींचं म्हणणं असं, की ऑफिसात मोजून मोजून जी इच्छा मारावी लागते ती घरी बाहेर पडते. मशीनला भूक नसते, फक्त मागणी असते. माणसाला भूक असते आणि मागायची लाज वाटते, हा फरक दोनसरांना कुणी शिकवलेला नाही, पण त्यांच्या हाताला तो माहीत आहे.

मध्यंतरी कॉलेजात नवा सर्व्हर आला. एएमडीचा, एकाच प्रोसेसरमध्ये चौसष्ट कोअर. दसऱ्याला त्याची पूजा झाली. दोनसरांनी हळदकुंकू पंख्याच्या जाळीपासून लांब लावलं, झेंडूचं फूल पेटीवर न ठेवता शेजारच्या स्टुलावर ठेवलं, आणि गुरुद्वाऱ्याची हल्लाबोल मिरवणूक बघायला निघून गेले. इकडं स्टाफरूममध्ये दिवाळीच सुरू झाली. चौसष्ट म्हणजे आता टंचाई संपली, आता ‘दोनात भागतंय’ म्हणायला तोंड राहणार नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अर्जांचा ढीग पडला. कुणी चोवीस मागितले, कुणी बत्तीस. ग्रंथालयानं सोळा मागितले, कारण बाकीच्यांनी मागितले होते. दोनसरांनी सगळे अर्ज नव्या वहीत उतरवून घेतले. बेरीज केली, ती चौसष्टच्या कितीतरी पुढं गेली. मग त्यांनी जुनी वही उघडली, तिसऱ्या रकान्याची बेरीज केली. ती जुन्या बत्तीसमध्येसुद्धा आरामात मावत होती. दोन्ही बेरजा एका कागदावर लिहून त्यांनी तो सूचना फलकावर लावला. खाली सही, तारीख आणि शिक्का. त्यावर कुणी काही बोललं नाही, फक्त कुणीतरी पेन्सिलीनं शेजारी ‘देवाचे किती?’ असं लिहून ठेवलं. संध्याकाळपर्यंत खाली उत्तर आलं होतं: ‘दोनच.’

तुमच्या ऑफिसात असा माणूस असेल तर त्याच्याकडं काही मागू नका. निमूट काम करत राहा. त्याला सगळं दिसत असतं. परवा माझं मशीन अचानक पळायला लागलं म्हणून मी आत जाऊन बघितलं, तर कोअर चार झाले होते. वहीत डोकावलो. मागितलेच्या रकान्यात शून्य, दिलेच्या रकान्यात चार, आणि शेऱ्यात: ‘कधी बोलत नाहीत.’ आभार मानायला जायचं फार मनात होतं, पण गेलो नाही. बोललो असतो, तर दोन परत गेले असते.